चाळणी कुणाच्या हातात?

२००७ सालच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका शाळेने मला बोलावून घेतले. तेव्हा माझे बसस्टँडसमोर संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान होते आणि त्या शाळेच्या प्रयोगशाळेतले बारा संगणक मीच सांभाळत असे. शाळेत नुकतेच ब्रॉडबँड आले होते. आठवडाभरात दहावीच्या दोन मुलांनी नको ते पान उघडले, शिपायाने ते पाहिले आणि गोष्ट मुख्याध्यापकांपर्यंत गेली. सर म्हणाले, "तुम्ही काहीही करा, पण हे बंद झालं पाहिजे. पालकांच्या कानावर गेलं तर इंटरनेटच काढून टाकावं लागेल."

मी कामाला लागलो. कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या एका जुन्या संगणकावर लिनक्स चढवले, त्यावर 'डॅन्सगार्डियन' नावाचा फिल्टर बसवला आणि बाकीच्या सगळ्या यंत्रांचे इंटरनेट त्याच्यातून फिरवले. या फिल्टरची रीत मजेशीर होती. त्याच्याजवळ शब्दांची लांबलचक यादी असे आणि प्रत्येक शब्दाला किंवा शब्दसमूहाला गुण दिलेले असत. अश्लील शब्दाला अधिक गुण, वैद्यकीय किंवा शैक्षणिक वाटणाऱ्या शब्दाला उणे गुण. पान उघडायच्या आधी फिल्टर त्यातला मजकूर वाचून बेरीज करी. बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली की पान अडवले जाई. त्या आकड्याला सेटिंगच्या फाइलमध्ये जे इंग्रजी नाव होते त्याचा सरळ अर्थ 'खट्याळपणाची मर्यादा' असा होतो. शेजारीच मार्गदर्शक टीप होती : लहान मुलांसाठी ५०, मोठ्या मुलांसाठी १००, तरुणांसाठी १६०. मी ५० ठेवले. म्हटले, सावधगिरी बरी.

महिनाभराने मी फिल्टरची नोंदवही उघडली. सात नंबरच्या यंत्रावरून, बुधवारी दुपारी, नववीच्या मुलींच्या तासाला, कुणीतरी पाळीत होणाऱ्या दुखण्याविषयी इंग्रजीत शोध घेतला होता. पहिले पान अडले. तिने शब्द बदलून पाहिला, स्पेलिंग बदलून पाहिले. तीन वेळा प्रयत्न, तीन वेळा नकार. एका पानापुढे तर गुणांची बेरीजही लिहिली होती : ६४. ते आरोग्यविषयक माहितीचे साधे पान होते. चौथा प्रयत्न नव्हता. त्या तासाचे हजेरीपुस्तक काढले असते, तर सात नंबरवर कोण बसले होते तेही मला कळले असते. मी ते काढले नाही. पण ते काढणे माझ्या हातात होते, ही गोष्ट आजही बोचते.

कुणी तक्रार केली नव्हती. सरांच्या दृष्टीने फिल्टर उत्तम चालला होता.

तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते मी वाचत आलो. शाळेत इंटरनेट फिल्टर बसवण्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत जास्त नोंदला गेलेला प्रयोग अमेरिकेत झाला. तिथे त्यासाठी कायदा झाला, खटले झाले, अभ्यास झाले, आणि त्यांची कागदपत्रे कुणालाही वाचता येतात. म्हणून हा लेख मुख्यतः त्या देशाचा आहे. शेवटी आपल्या अंगणात येऊच.

शब्द मोजणारे यंत्र

फिल्टर म्हणजे भिंत, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो एक अंदाज असतो. हे पान मुलांनी पाहण्याजोगे आहे की नाही, हे यंत्राला 'कळत' नाही. ते काही खुणांवरून तर्क करते. या खुणा तीन प्रकारच्या असतात. पहिली म्हणजे पत्त्यांची यादी : अमुक संकेतस्थळ बंद, तमुक चालू. दुसरी म्हणजे शब्द, वर सांगितल्याप्रमाणे. तिसरी म्हणजे वर्गवारी : कंपनी लाखो संकेतस्थळांना जुगार, हिंसा, लैंगिकता, खेळ, गप्पागोष्टी असे शिक्के मारते आणि शाळेने फक्त कुठले शिक्के बंद ठेवायचे ते निवडायचे. आजचे बहुतेक फिल्टर या तिन्हींचे मिश्रण असतात.

शब्दांवरून तर्क करण्याची फजिती फार लवकर दिसून आली. १९९५च्या डिसेंबरात 'अमेरिका ऑनलाइन' या तेव्हाच्या बलाढ्य कंपनीने 'स्तन' या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द असभ्य ठरवला. स्तनांच्या कर्करोगातून वाचलेल्या आणि एकमेकींना धीर देणाऱ्या स्त्रिया त्यामुळे अडचणीत आल्या. ओरड झाल्यावर कंपनीने माघार घेतली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प या गावच्या लोकांना त्याच कंपनीत खाते उघडता येईना, कारण गावाच्या स्पेलिंगच्या पोटात एक शिवी दडलेली होती. संगणकाच्या जगात अशा घोटाळ्याला आजही 'स्कन्थॉर्पची अडचण' म्हणतात. पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर कॉलेजच्या नावातला शब्द एका प्राण्याचा असला तरी बोलीभाषेत त्याला दुसराही अर्थ होता. लोकांची चेष्टा तर होतीच, शिवाय फिल्टर त्यांचे संकेतस्थळ अडवू लागले. २००१ साली दीडशे वर्षे जुन्या या संस्थेने नाव बदलून अर्केडिया युनिव्हर्सिटी केले. त्यामागच्या कारणांत फिल्टरचाही उल्लेख होता.

आपल्यालाही यात हसून मोकळे होता येत नाही. दीक्षित हे आडनाव किंवा हर्षित हे नाव रोमन लिपीत लिहून पाहावे. शेवटच्या चार-पाच अक्षरांत एक इंग्रजी शिवी अलगद येऊन बसते. शब्दाचे तुकडे पाडून पाहणाऱ्या यंत्राला यज्ञाची दीक्षा घेतलेल्या घराण्याशी काय देणेघेणे!

एका कायद्याच्या पोटी दोन गोष्टी

८ फेब्रुवारी १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी दूरसंचार कायद्यावर सही केली. शाळांच्या इंटरनेटशी संबंध असलेल्या दोन गोष्टी या एकाच कायद्यात होत्या. एक, इंटरनेटवर मुलांना दिसेल अशा ठिकाणी असभ्य मजकूर ठेवणे गुन्हा ठरवणारा भाग. दुसरी, शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांना इंटरनेट स्वस्तात मिळावे अशी तरतूद, जी पुढे 'ई-रेट' या नावाने रुजली. ई-रेटमध्ये शाळेला २० ते ९० टक्के सवलत मिळते. शाळा जितकी गरीब मुलांची आणि जितकी आडगावची, तितकी सवलत जास्त.

पहिला भाग फार काळ टिकला नाही. २६ जून १९९७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरवला. सरकारने सर्वांच्याच तोंडाला कुलूप लावण्याऐवजी पालकांना घरच्या संगणकावर फिल्टर बसवता येतो, हा मुद्दा त्या खटल्यात मोलाचा ठरला. म्हणजे फिल्टरला प्रतिष्ठा मिळाली ती सेन्सॉरशिपला विरोध करणाऱ्यांच्या युक्तिवादातून. घरातले एक ऐच्छिक साधन म्हणून ज्याची बाजू मांडली गेली, तेच तीन वर्षांत शाळांवर सक्तीचे झाले.

२१ डिसेंबर २००० रोजी 'चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन अ‍ॅक्ट' मंजूर झाला. त्याची घडण चतुर होती. फिल्टर न बसवणे हा गुन्हा ठरवलेला नाही. फक्त ई-रेटची इंटरनेटसाठीची सवलत हवी असेल तर फिल्टर हवा, अशी अट घातली. श्रीमंत शाळेला सवलतीवाचून चालते. ९० टक्के सवलतीवर जगणाऱ्या शाळेला चालत नाही. त्यामुळे या कायद्याची पकड सर्वांत घट्ट बसली ती ज्या मुलांच्या घरी संगणक असण्याची शक्यता सर्वांत कमी, त्यांच्या शाळांवर. ज्यांना घरी दुसरी वाट नव्हती त्यांच्याच वाटेवर चाळणी लागली.

कायदा चित्रांचा, बंदी शब्दांची

हा कायदा काय अडवायला सांगतो, हे नीट वाचण्यासारखे आहे. अश्लील, बालकांच्या लैंगिक शोषणाची आणि अल्पवयीन मुलांना अपायकारक अशी दृश्ये, एवढेच त्यात आहे. म्हणजे चित्रे, छायाचित्रे, चलच्चित्रे. लिखित मजकूर अडवा असे हा कायदा म्हणत नाही. शिवाय मुलांसाठी अयोग्य काय, हे ठरवण्याचा अधिकार त्याने स्थानिक शाळा मंडळाला दिला. केंद्र सरकारने त्यात नाक खुपसू नये असेही स्पष्ट लिहिले. शाळेने इंटरनेट वापराचे धोरण लेखी करावे आणि त्याआधी निदान एक जाहीर बैठक घ्यावी, असेही सांगितले.

कागदावर हे शहाणपणाचे वाटते. अडचण कारागिरीत होती. २००० साली संगणकाला चित्र पाहून त्यात काय आहे ते सांगता येत नसे. त्यामुळे चित्र अडवायचे तर त्याच्याभोवतीच्या शब्दांवरून किंवा संकेतस्थळाच्या पत्त्यावरून अंदाज बांधावा लागे. कायद्याने मागितली चित्रांची बंदी आणि शाळांच्या पदरात पडली शब्दांची व विषयांची. स्थानिक मंडळाने ठरवायचे, हेही कागदावरच राहिले. लाखो पत्ते तपासायला कोणत्या मंडळाला वेळ असतो? मंडळाने कंपनीच्या तयार शिक्क्यांपैकी चार निवडले की निर्णय झाला.

ग्रंथालयांपुरते या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. मे २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने फिल्टर हजारो निरुपद्रवी पाने अडवतात आणि तरी अनेक अश्लील पाने सोडून देतात, असे पुराव्यानिशी नोंदवून कायद्याचा तो भाग रद्द केला. २३ जून २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती केनेडी यांनी आपल्या स्वतंत्र मतात सांगितले ते थोडक्यात असे : प्रौढ वाचकाने विनंती करताच ग्रंथपाल फिल्टर काढून देत असेल, तर फारसे बिघडत नाही. शाळांच्या तरतुदीला मात्र त्या खटल्यात कुणी आव्हानच दिले नव्हते. मुलांच्या बाबतीत फिल्टर हवाच, हे सर्वांनी गृहीत धरले होते.

'विनंती केली की झाले', हे वाक्य मी त्या निकालात वाचले तेव्हा मला सात नंबरचे यंत्र आठवले.

गुप्त यादी

या फिल्टरांच्या याद्या कुणी पाहायच्या? उत्तर होते : कुणीही नाही. कंपन्यांच्या लेखी यादी हा धंद्याचा मुख्य ऐवज होता. ती कुलूपबंद स्वरूपात विकली जाई. शाळा पैसे मोजून ती विकत घेई, पण आपण काय काय बंद केले आहे हे शाळेलाही पाहता येत नसे.

१९९६ साली बेनेट हॅसलटन या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने 'पीसफायर' नावाचा गट काढला आणि फिल्टर काय अडवतात ते तपासून जाहीर करायला सुरुवात केली. स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या संघटनेचे संकेतस्थळ 'सायबरसिटर' या फिल्टरने अडवलेले आढळले. टीका झाल्यावर त्या फिल्टरने पीसफायरचेच संकेतस्थळ यादीत टाकले. २००० साली स्वीडन आणि कॅनडामधल्या दोन तरुणांनी 'सायबर पेट्रोल'ची यादी उलगडून दाखवली, तेव्हा त्याची मालक असलेल्या मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने त्यांच्यावर खटला भरला. त्याच वर्षी अमेरिकेच्या कॉपीराइट प्रशासनाने एक अपवाद मान्य केला : फिल्टरमध्ये अडवलेल्या पत्त्यांची यादी पाहण्यासाठी कुलूप उघडले तर तो गुन्हा धरू नये. २००३ मध्ये हा अपवाद पुन्हा दिला गेला. २००६ मध्ये दिला गेला नाही. सहा वर्षे उघडी राहिलेली खिडकी बंद झाली.

यादी गुप्त, पण मुलांची हालचाल मात्र गुप्त नव्हती. 'एन-टू-एच-टू' ही सिएटलची कंपनी शाळांना 'बेस' नावाचा फिल्टर विकत असे. त्याचे चिन्ह होते एक गोजिरवाणा राखणदार कुत्रा. देशभरातली शाळकरी मुले इंटरनेटवर कुठे कुठे जातात, याची एकत्रित माहिती ही कंपनी एका बाजारसंशोधन संस्थेच्या साथीने विकत होती आणि घेणाऱ्यांत अमेरिकेचे संरक्षण खातेही होते. त्यात मुलांची नावे नव्हती, हे खरे. पण राखणीला ठेवलेला कुत्रा घरातल्या मुलांची खबर बाजारात विकतो, हे पालकांना रुचले नाही. ओरड झाली आणि २००१च्या सुरुवातीला हा व्यवहार थांबला. आपल्याकडे याला कुंपणाने शेत खाणे म्हणतात.

विचारण्याची किंमत

फिल्टर वाईटच असतो, असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. कैसर फॅमिली फाउंडेशनने डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत मला सर्वांत उपयोगी वाटतो. त्यांनी शाळा-ग्रंथालयांत वापरले जाणारे फिल्टर वेगवेगळ्या कडकपणावर लावून आरोग्यविषयक आणि अश्लील अशा दोन्ही प्रकारच्या संकेतस्थळांवर तपासले. सर्वांत सैल सेटिंगवर ८७ टक्के अश्लील स्थळे अडली आणि आरोग्याची फक्त १.४ टक्के. मधल्या सेटिंगवर अश्लील ९० टक्के, आरोग्याची ५ टक्के. सर्वांत कडक सेटिंगवर अश्लील ९१ टक्के, आणि आरोग्याची तब्बल २४ टक्के.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. सैलवरून कडकवर गेल्याने अश्लील मजकूर अडवण्यात चार टक्क्यांची भर पडली. त्याची किंमत म्हणून आरोग्याची जवळजवळ चौथा हिस्सा माहिती गेली. सुक्याबरोबर ओलेही जळते हे खरे, पण इथे सुके फारसे जळतच नाही, ओलेच जळत जाते. आणि जे जळते ते कोणते? कंडोम, सुरक्षित संबंध, समलैंगिकता या शब्दांनी शोध घेतला तर सर्वांत सैल सेटिंगवरही आरोग्याच्या दहा स्थळांतले साधारण एक अडत होते. म्हणजे मूल ज्या गोष्टी मोठ्यांना विचारायला सर्वांत जास्त लाजते, नेमक्या त्याच. मी ५० ऐवजी १०० ठेवले असते तर ६४ गुणांचे ते पान उघडले असते. हे कळायला मला हा अभ्यास सापडावा लागला.

दुसरे उदाहरण मिसुरी राज्यातल्या कॅमडेंटन शाळा जिल्ह्याचे. तिथल्या फिल्टरची यादी अशी होती की समलैंगिक मुलांना आधार देणारी संकेतस्थळे 'लैंगिकता' या शिक्क्याखाली अडत, आणि समलैंगिकतेचा धिक्कार करणारी स्थळे 'धर्म' या शिक्क्याखाली बिनदिक्कत उघडत. शाळेने हेतुपुरस्सर असे केले होते असे नाही. विकत घेतलेली यादीच तशी होती. पण लक्षात आणून दिल्यावरही शाळेने यादी बदलली नाही. कुठल्याही मुलाने अर्ज केला तर आम्ही ते स्थळ उघडून देऊ, असे तिचे म्हणणे होते.

फेब्रुवारी २०१२ मध्ये केंद्रीय न्यायाधीश नॅनेट लॉफ्रे यांनी ही यादी वापरण्यास मनाई केली. अर्जाच्या सोयीविषयी त्यांनी जे म्हटले त्याचा आशय असा : एका बाजूचे मत ताबडतोब दिसते आणि दुसऱ्या बाजूच्या मतासाठी अर्ज करून दिवसभर थांबावे लागते. ही गैरसोय, आणि हे मत आपल्या शाळेने व गावाने कमी लायकीचे ठरवले आहे ही जाणीव, मुलाला परतवून लावायला पुरेशी आहे. पुढच्याच महिन्यात तडजोड झाली. जिल्ह्याने यादी बदलली आणि वादींच्या खर्चापोटी १ लाख २५ हजार डॉलर मोजले.

प्रौढाने ग्रंथपालाला सांगणे आणि नववीतल्या मुलीने संगणकाच्या सरांना सांगणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तिच्यासाठी प्रश्न विचारणे म्हणजेच गुपित उघड करणे. ती विचारत नाही, निघून जाते. आणि तक्रार नाही म्हणून फिल्टर छान चालला आहे असे आपण समजतो.

अडवण्याकडून पाहण्याकडे

शब्द मोजणारे ते जुने फिल्टर आता जवळजवळ निकामी झाले आहेत. कारण संकेतस्थळांनी आपला मजकूर कुलूपबंद करून पाठवायला सुरुवात केली. पत्त्याच्या सुरुवातीला दिसणारे 'एचटीटीपीएस' ते हेच. विकिपीडियाने जून २०१५ मध्ये सर्व वाचकांसाठी हे सक्तीचे केले. वाटेत बसलेल्या फिल्टरला आता बंद पाकिटावरचे नाव तेवढे दिसते, आतले पत्र दिसत नाही. म्हणून त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक, संपूर्ण संकेतस्थळच बंद किंवा चालू ठेवणे : यूट्यूबवरचा गणिताचा तास आणि वाह्यात चित्रफीत एकाच न्यायाने. दुसरा, शाळेच्या प्रत्येक यंत्रावर शाळेचे खास प्रमाणपत्र बसवून पाकीट मध्येच फोडणे, वाचणे आणि पुन्हा चिकटवून पुढे पाठवणे. किंवा थेट विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमधल्या ब्राउझरमध्येच पहारेकरी बसवणे.

दुसरा मार्ग धरला की मुलाने लिहिलेले सगळेच फिल्टरला दिसते : शोध, पत्र, अर्धवट निबंध. २०२०च्या साथीनंतर अमेरिकेत शाळेचे लॅपटॉप घरोघरी गेले आणि हा पहाराही घरात गेला. आज तिथे विकली जाणारी अनेक साधने अडवण्यापेक्षा पाहण्याचे काम अधिक करतात. मूल आत्महत्येविषयी काही लिहिते आहे का, कुणाला धमकी देते आहे का, हे हेरून शाळेला कळवणे हा त्यांचा दावा. यातून एखादा जीव वाचत असेल, हे मी नाकारणार नाही. पण मनातली भीती यंत्रापुढे टाइप केली की कुणाला तरी कळते, हे एकदा मुलांना समजले की ती टाइप करायचे थांबतात, हेही तितकेच स्वाभाविक आहे.

अमेरिकेच्या कायद्यात २००८ साली एक शहाणी भर पडली. सवलत घेणाऱ्या शाळांनी मुलांना इंटरनेटवर कसे वागावे, त्रास दिला गेला तर काय करावे, हे शिकवलेही पाहिजे असे त्यात म्हटले. फिल्टर बसवून जबाबदारी संपत नाही, हे मान्य करायला आठ वर्षे लागली.

आपल्या अंगणात

आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने संलग्न शाळांना सूचना पाठवल्या. सर्व संगणकांवर परिणामकारक फायरवॉल, फिल्टर आणि देखरेखीची सोय बसवावी, असे त्यांत आहे. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास मनाई केली. मात्र त्याखालच्या २०२५च्या नियमांनी शैक्षणिक कामासाठी व मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांना त्यातून सूट दिली. म्हणजे अमेरिकेने पंचवीस वर्षांत जे प्रश्न सोसले ते आता आपल्या दारात उभे आहेत. त्यांत एका प्रश्नाची भर आपली स्वतःची आहे : भाषा.

२००७ मध्ये माझ्या फिल्टरच्या प्रतीत मराठी शब्द एकही नव्हता. इंग्रजीतले शरीरशास्त्राचे पान ६४ गुणांनी नापास होई आणि देवनागरीतली चावट कथा शून्य गुणांनी बिनधास्त पास होई. मराठी शब्द मी स्वतः भरायला बसलो तेव्हा लगेच कळले की हे काम सोपे नाही. पाळी हा शब्द अडवला तर सकाळपाळी-रात्रपाळी अडते. अंग अडवले तर अंगणही जाते. तासाभराने मी ती यादी पुसून टाकली.

मग मी विज्ञानाच्या बाईंना गाठले. काय घडले ते त्यांना सांगितले, मुलगी कोण हे मलाही ठाऊक नाही असेही सांगितले. बाई थोडा वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, "हे आमच्याकडेच यायला हवं होतं हो. आम्ही तो धडा घाईत उरकतो." आम्ही दोघांनी मिळून शरीर, आरोग्य, किशोरवय या विषयांच्या पंचवीसएक चांगल्या संकेतस्थळांची यादी केली आणि ती फिल्टरमधून कायमची मोकळी केली. यादी छापून प्रत्येक यंत्राशेजारी चिकटवली, म्हणजे कुणाला काही विचारावे लागू नये. मर्यादा १०० केली. नोंदवहीत यंत्राचा नंबर उमटणे बंद केले, फक्त अडलेली पाने दिसतील असे ठेवले. दर महिन्याला बाई ती पाने पाहून चुकीने अडलेले मोकळे करायला सांगत. सरांनी आधी कुरकुर केली, मग तेही या कामात सामील झाले. यात माझे कौशल्य फारसे नव्हते. सगळा मिळून दीड दिवसाचा उद्योग होता.

सात नंबरवरच्या मुलीला तिचे उत्तर मिळाले की नाही, हे मला कधीच कळणार नाही. तिने आता तिशी ओलांडली असेल. कदाचित तिचे मूल शाळेत जाऊ लागले असेल.

वाचकांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या शाळेच्या पालकसभेला जातात, काही व्यवस्थापन समितीवर असतात. पुढच्या सभेत फिल्टरचा विषय निघाला तर 'बसवला का?' एवढे विचारून थांबू नये. कडकपणाचा आकडा किती ठेवला आहे आणि तो कुणी ठरवला? अडवलेल्या पानांची यादी शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला पाहता येते का? चुकीने अडलेले पान नाव न सांगता मोकळे करून घेण्याची सोय आहे का, आणि त्याला किती दिवस लागतात? मुलांनी काय शोधले याची नोंद कुठे राहते, किती दिवस राहते, आणि ती कुणाकुणाला दिसते? चाळणी विकणाऱ्या माणसाकडे या प्रश्नांची उत्तरे सहसा तयार नसतात. ती मिळेपर्यंत सही करू नये.